‘आ वासणे’: अर्थ, घडण आणि वापर यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘आ वासणे’ या वाक्प्रचाराचा नेमका अर्थ काय?

तोंड पूर्ण उघडणे आणि ते तसेच उघडे राहू देणे, हा या वाक्प्रचाराचा मूळ अर्थ. आश्चर्य, भीती, कुतूहल किंवा गोंधळ यांमुळे पाहणाऱ्याचे स्वतःकडे लक्ष राहत नाही, जबडा आपोआप खाली येतो आणि नजर समोरच्या गोष्टीवर खिळते. या अवस्थेला मराठीत ‘आ वासून पाहणे’ म्हणतात. तोंड क्षणभर उघडून लगेच मिटले, तर त्याला आ वासणे म्हणता येत नाही. त्या अवस्थेत काही वेळ जावा लागतो आणि आपले तोंड उघडे आहे याची पाहणाऱ्याला जाणीव नसावी लागते. म्हणूनच ‘पाहतच राहिला’, ‘बघत बसली’, ‘उभे राहिले’ अशी लांबणारी क्रियापदे या शब्दांच्या मागे सहज येतात.

दुसरा अर्थ गिळायला टपलेल्या प्राण्याचा आहे. मगर, अजगर किंवा वाघ जबडा उघडून भक्ष्याची वाट पाहतो, तोही आ वासतो. ‘प्रश्न आ वासून उभा आहे’ हा प्रयोग याच दुसऱ्या अर्थातून आला आहे. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

यातला ‘आ’ म्हणजे नेमके काय? तो शब्द आहे की नुसता ध्वनी?

तो ध्वनी आहे आणि मराठीने त्याचेच नाम केले आहे. ‘आ’ उच्चारताना जबडा जितका खाली जातो तितका दुसऱ्या कोणत्याही स्वराच्या वेळी जात नाही. इ, उ, ए, ओ हे स्वर क्रमाने उच्चारून शेवटी ‘आ’ म्हणून पाहिले, तर हा फरक कोणालाही स्वतःच्या जबड्यावर जाणवेल. घसा तपासताना वैद्य ‘आ करा’ म्हणतात, त्यामागेही हेच कारण आहे: या उच्चारात जीभ खाली बसते, मऊ टाळू वर उचलली जाते आणि घशाचा मागचा भाग दिसू लागतो. जो स्वर उच्चारताना तोंड सर्वांत मोठे उघडते, तोच स्वर उघड्या तोंडाचे नाव झाला, इतकी सरळ आणि सुंदर अशी ही घडण आहे.

प्राचीन शिक्षाशास्त्राने, म्हणजे उच्चारशास्त्राने, आणि व्याकरणाने हे फार बारकाईने टिपले होते. त्या परंपरेत ‘आ’ हा विवृत, म्हणजे उघडा स्वर आहे आणि प्रत्यक्ष उच्चारातला ऱ्हस्व ‘अ’ हा संवृत, म्हणजे मिटता स्वर आहे. संस्कृत व्याकरणकार पाणिनीने आपल्या शास्त्राच्या सोयीसाठी दोघांना एका जातीचे ठरवले आणि अष्टाध्यायी या आपल्या ग्रंथाच्या अगदी शेवटच्या, ‘अ अ’ एवढ्याच सूत्राने ऱ्हस्व ‘अ’ला त्याचे मिटलेपण परत दिले. सुमारे चार हजार सूत्रांचा ग्रंथ तोंड किती उघडावे या प्रश्नावर येऊन थांबतो, ही गोष्ट मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे.

ध्वनीचे नाम करण्याची ही खोड मराठीत इतरत्रही दिसते. हाकेला आपण ‘ओ’ देतो, आणि ती ओ स्त्रीलिंगी असते: ‘त्याने ओ दिली’. गप्प राहिलेल्या माणसाने ‘ब्र’ काढलेला नसतो, आणि तो ब्र पुल्लिंगी असतो. या रांगेत ‘आ’ वेगळा ठरतो, कारण ओ आणि ब्र हे ऐकू येणारे आवाज आहेत, तर वासलेला आ बहुधा निःशब्दच असतो. तेथे स्वर ऐकू येत नाही, त्याची आकृती तेवढी डोळ्यांना दिसते. ‘तोंडाचा आ’ आणि ‘तोंडाचा चंबू’ या दोन शब्दप्रयोगांची बांधणी एकच आहे. एकात तोंडाला अक्षराचा आकार मिळतो, दुसऱ्यात भांड्याचा.

‘वासणे’ हे क्रियापद आणखी कशाला लावतात?

तोंड, जबडा आणि चोच या तिघांना. घरट्यातली पिले चोची वासतात, मासा पाण्याबाहेर तोंड वासतो, मगर जबडा वासते. या वर्तुळाबाहेर हे क्रियापद क्वचितच जाते. दार, पेटी किंवा पुस्तक आपण उघडतो, ते वासत नाही.

मराठीने शरीराच्या प्रत्येक अवयवासाठी क्रियापद जणू राखून ठेवले आहे. डोळे विस्फारतात किंवा वटारले जातात, कान टवकारले जातात, नाकपुड्या फेंदारतात, भुवया उंचावतात, ओठ विलग होतात आणि तोंड वासते. या जोड्या मोडल्या की वाक्य कानाला लगेच खटकते. ‘कान वासून ऐकले’ किंवा ‘तोंड टवकारले’ असे कोणी लिहिले, तर अर्थ कळेल, पण ते मराठी वाटणार नाही. अनुवादित मजकुरात ‘त्याचा जबडा पडला’ असे वाक्य अधूनमधून दिसते. ते वाचून जबड्याला इजा झाली असावी असा समज होतो. तेथे ‘त्याने आ वासला’ हे तीन शब्द पुरेसे आहेत.

‘आ वासून’ लिहावे की ‘आवासून’?

दोन शब्द सुटे लिहावेत. ‘आ’ हे नाम आहे आणि ‘वासून’ हे ‘वासणे’चे ऊन-प्रत्यय लागलेले रूप आहे. ‘हात पसरून’ किंवा ‘मान वळवून’ आपण जोडून लिहीत नाही, त्याच न्यायाने हेही जोडू नये. जोडून लिहिल्यास वाचणाऱ्याची नजर ‘आवास’ या शब्दावर अडते. तो निवासस्थान या अर्थाचा, ‘वस्’ धातूपासून झालेला संस्कृत शब्द आहे. ‘आवाज’ हा शब्द तर फारसीतून आलेला आहे, त्यामुळे त्यातल्या पहिल्या अक्षराचा वासलेल्या तोंडाशी संबंध जोडू नये.

गंध या अर्थाचा ‘वास’ आणि इच्छा या अर्थाची ‘वासना’ यांच्याशीही या क्रियापदाचा अर्थाने काही संबंध नाही. जुन्या मराठीत आणखी एक ‘वास’ होता. संतांच्या रचनांत ‘वास पाहणे’ असा प्रयोग येतो आणि त्याचा अर्थ ‘वाट पाहणे’ असा असतो. पाहण्याचा संदर्भ असल्यामुळे तो ‘वासून पाहणे’शी जोडण्याचा मोह होतो, परंतु तेथे ‘वास’ हे मार्ग या अर्थाचे नाम आहे आणि येथे ‘वासणे’ हे उघडणे या अर्थाचे क्रियापद आहे.

जुन्या कोशांत हा शब्द शोधताना ‘वासणें’ असा अनुस्वारासह दिसेल. १९६२ साली मराठी लेखनाचे नवे नियम आले आणि असे उच्चारात न उरलेले अनुस्वार लेखनातून गेले. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ सालच्या आवृत्तीत किंवा दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात शोधणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

‘ती आ वासली’ हे वाक्य बरोबर आहे का?

नाही. वासला जातो तो आ, आणि आ पुल्लिंगी एकवचनी आहे. म्हणून ‘तिने आ वासला’, ‘त्यांनी आ वासला’, ‘मुलांनी आ वासला’. पाहणारी व्यक्ती स्त्री असो वा पुरुष, एक असो वा अनेक, ‘वासला’ हे रूप बदलत नाही. कर्म बदलले की रूपही बदलते: तोंड वासले, जबडा वासला, चोची वासल्या. ‘त्याचा आ वासला तो मिटेचना’ असाही प्रयोग होतो आणि तो शुद्ध आहे. तेथे माणूस काही करत नाही, त्याच्या नकळत आ आपला आपण वासतो. माझ्या मते या वाक्प्रचाराच्या वृत्तीला हीच रचना अधिक जवळची आहे.

‘प्रश्न आ वासून उभा आहे’ यात प्रश्नाला आश्चर्य वाटते आहे का?

हा प्रश्न अनेकदा गंभीरपणे विचारला जातो, आणि तो विचारण्याजोगाच आहे. एकाच आकृतीचे दोन परस्परविरुद्ध अर्थ येथे समोर येतात. आश्चर्याने आ वासणारा माणूस दुबळा असतो, कारण त्याचे भान गेलेले असते. भक्ष्यासाठी आ वासणारा प्राणी मात्र सामर्थ्यवान असतो, आणि त्याचे सगळे भान भक्ष्यावर एकवटलेले असते. बेकारी, दुष्काळ किंवा कर्ज ‘आ वासून उभे’ असते तेव्हा ते दुसऱ्या प्रकारचे, गिळायला आलेले तोंड असते.

ही दोन्ही तोंडे समोरासमोर पाहायची असतील, तर भगवद्गीतेचा अकरावा अध्याय वाचावा. विश्वरूपाचे वर्णन करताना अर्जुन चोविसाव्या श्लोकात ‘व्यात्ताननं दीप्तविशालनेत्रम्’ असे शब्द वापरतो. व्यात्त आनन म्हणजे वासलेले तोंड. पुढे त्याच तोंडात योद्धे वेगाने शिरताना त्याला दिसतात. आणि हे सर्व पाहणारा अर्जुन कसा आहे, तर चौदाव्या श्लोकात संजयाने सांगितल्याप्रमाणे ‘विस्मयाविष्ट’, अंगावर रोमांच उभे राहिलेला. एका बाजूला गिळणारे मुख आणि दुसऱ्या बाजूला ते पाहून थक्क झालेला मनुष्य. मराठीत या दोघांनाही ‘आ वासून’ हेच शब्द लागू पडतात. त्यामुळे अर्थ ठरवताना पुढचे क्रियापद पाहावे. ‘आ वासून पाहणे’ म्हटले की आश्चर्य, आणि ‘आ वासून उभे राहणे’ किंवा ‘आ वासून बसणे’ म्हटले की बहुधा संकट. मात्र माणूसही कधी आ वासून उभा राहतो, तेव्हा कर्ता कोण आहे हेही पाहावे लागते.

भागवताच्या दशम स्कंधातली माती खाल्ल्याची कथा या दोन अर्थांच्या मधोमध उभी आहे. यशोदा बाळकृष्णाला ‘व्यादेहि’ म्हणते, म्हणजे आपल्या भाषेत ‘आ कर’. तो आ करतो आणि तिला त्या तोंडात सारे विश्व दिसते. तेथे कोणाला गिळण्याचा हेतू नाही, तरीही पाहणारी थक्क होते.

संस्कृतात या क्रियेला काय म्हणतात?

‘मुखं व्याददाति’. ‘दा’ म्हणजे देणे, ‘आ’ हा उपसर्ग लागला की ‘आदा’ म्हणजे घेणे, आणि त्यापूर्वी ‘वि’ लागला की ‘व्यादा’ म्हणजे तोंड उघडणे. वर आलेले ‘व्यात्त’ आणि ‘व्यादेहि’ ही याच धातूची रूपे आहेत.

पाणिनीने या एका क्रियेसाठी सूत्रात खास तरतूद केली आहे. ‘आङो दोऽनास्यविहरणे’ (१.३.२०) हे सूत्र सांगते की ‘आ’ उपसर्गानंतर ‘दा’ आल्यास आत्मनेपद, म्हणजे संस्कृत क्रियापदाच्या रूपांच्या दोन प्रकारांपैकी एक, वापरावे, परंतु तोंड उघडण्याच्या अर्थी ते वापरू नये. त्यावर पुढच्या वैयाकरणांनी शंका काढली की तोंड दुसऱ्याचे असेल तर काय? उत्तरादाखल त्यांनी दिलेले उदाहरण विसरता येत नाही: ‘व्याददते पिपीलिकाः पतङ्गस्य मुखम्’, म्हणजे मुंग्या पतंगाचे तोंड उघडत आहेत. तोंड दुसऱ्याचे असल्यामुळे येथे आत्मनेपद होते. स्वतःचे तोंड उघडले तर एक रूप आणि परक्याचे उघडले तर दुसरे. मेलेल्या किड्याभोवतीच्या मुंग्या इतक्या जवळून पाहिलेल्या माणसालाच हे उदाहरण सुचले असणार.

दुसरी चर्चा मराठीच्या अधिक जवळची आहे. संस्कृतात ‘-त्वा’ किंवा ‘-य’ लागून झालेले रूप साधारणतः आधी घडलेली क्रिया दाखवते: जेवून जातो, म्हणजे आधी जेवतो आणि मग जातो. मग ‘व्यादाय स्वपिति’, म्हणजे ‘तोंड वासून झोपतो’, हे कसे जुळवायचे? झोपणारा आधी तोंड वासत नाही. आधी झोप लागते आणि मग तोंड उघडते. वैयाकरणांना ही अडचण इतकी महत्त्वाची वाटली की त्यांनी तिच्यासाठी वेगळे वचन जोडले. आपल्या ‘ऊन’ प्रत्ययाचेही अगदी असेच आहे. ‘घरी येऊन वाचले’ यात क्रम आहे, पण ‘आ वासून पाहिले’ यात क्रम नाही. आधी आ वासला आणि नंतर पाहिले, असे कोणालाच म्हणायचे नसते. तेथे ‘ऊन’ पाहण्याची रीत सांगतो, आणि कारण पाहायचे झाले तर पाहिल्यामुळेच आ वासलेला असतो. ही शंका शेकडो वर्षांपूर्वी याच क्रियेच्या निमित्ताने लिहून ठेवलेली आढळते, तेव्हा भाषेचा अभ्यास किती जुन्या वाटेने चालत आला आहे हे मनापासून जाणवते.

आश्चर्य वाटले की तोंड का उघडते?

चार्ल्स डार्विन यांनी भावनांच्या आविष्काराविषयीच्या १८७२ सालच्या ग्रंथात या प्रश्नाचा विचार केला आहे. त्यांनी एकापेक्षा अधिक कारणे मांडली. लक्ष एका गोष्टीवर पूर्ण एकवटले की इतर स्नायू सैल पडतात आणि जबडा स्वतःच्या वजनाने खाली येतो. तोंड उघडे असले की श्वास अधिक शांतपणे घेता येतो, त्यामुळे कान देऊन ऐकणे सोपे जाते. शिवाय दचकल्यावर शरीर एखाद्या हालचालीच्या तयारीने खोल श्वास ओढते, आणि तो तोंडावाटे लवकर आत येतो.

पहिले कारण पडताळून पाहणे सोपे आहे. जागेपणी तोंड मिटलेले राहते, कारण जबडा वर धरणारे स्नायू आपल्या नकळत थोडा ताण ठेवतात. बसल्या जागी डुलकी लागलेल्या माणसाचा हा ताण सुटतो आणि आ वासला जातो.

मग जांभई देणे म्हणजेही आ वासणेच का?

आकृती तीच, अवस्था वेगळी. ‘जांभई’ हा शब्द संस्कृत ‘जृम्भा’पासून आला आहे, आणि ‘जृम्भ्’ धातूला जांभई देण्याबरोबरच उमलणे, पसरणे हेही अर्थ आहेत. जांभईत डोळे मिटू लागतात, तर आश्चर्यात ते विस्फारतात.

थक्क, चकित, अवाक्, विस्मित हे शब्द ‘आ वासणे’ऐवजी वापरता येतील का?

काही ठिकाणी येतील, पण प्रत्येकाची छटा वेगळी आहे. ‘आ वासणे’ चेहऱ्याचे चित्र दाखवते, बाकीचे शब्द मनाची स्थिती सांगतात.

‘विस्मय’ हा ‘स्मि’ धातूपासून झाला आहे. ‘स्मित’ही त्याचेच, म्हणून विस्मयात मुळातच हास्याची एक रेषा आहे. ‘चकित’ मात्र भीतीच्या घरातला आहे. संस्कृतात तो दचकलेला, घाबरलेला या अर्थाने येतो आणि कालिदासाने मेघदूतात यक्षपत्नीच्या नजरेला ‘चकितहरिणी’ची, म्हणजे बावरलेल्या हरिणीची उपमा दिली आहे. मराठीत येता येता त्यातली भीती गळाली आणि आश्चर्य उरले. ‘स्तिमित’चे जुने अर्थ ओले आणि निश्चल असे आहेत. त्यातला निश्चलपणा आपण ठेवला आहे. ‘अवाक्’ म्हणजे वाणी नसलेला. त्याचे तोंड उघडे असेल किंवा मिटलेले असेल, शब्द मात्र फुटत नाही. संस्कृतात याच उच्चाराचा, खालच्या दिशेला या अर्थाचा, आणखी एक ‘अवाक्’ आहे. त्याची आणि याची गल्लत करू नये. खुद्द ‘आश्चर्य’ या शब्दासाठी पाणिनीने ‘आश्चर्यमनित्ये’ असे सूत्र दिले आहे. जे नित्य नाही, नेहमी घडत नाही, ते आश्चर्य.

‘चाट पडणे’ आणि ‘तोंडात बोट घालणे’ हे बोलीतले सोबती आहेत. दुसरा वाक्प्रचार तर वासलेल्या तोंडावाचून पुराच होणार नाही.

‘बघ्या’ आणि आ वासून पाहणारा यांत फरक काय?

‘बघणे’ला ‘या’ प्रत्यय लागून ‘बघ्या’ झाला, जसा ‘रडणे’पासून ‘रड्या’ आणि ‘लिहिणे’पासून ‘लिह्या’. बघ्यावर ठपका असतो, कारण अपघात किंवा भांडण घडत असता तो मदतीला न जाता नुसता पाहतो. आ वासणाऱ्यावर असा ठपका नसतो. त्याला हलणे शक्यच नसते, बघ्याला ते शक्य असते. म्हणून ‘बघ्याची भूमिका घेतली’ असे आपण म्हणतो, पण आ वासण्याची भूमिका कोणी घेत नाही.

हा वाक्प्रचार अपमानकारक आहे का?

बोलणारा कोण आणि कोणाविषयी बोलतो, यावर ते ठरते. स्वतःविषयी बोलताना तो मोकळा आणि प्रांजळ वाटतो: ‘आम्ही आ वासून पाहतच राहिलो.’ लहानांना दटावताना ‘आ वासून काय बघतोस?’ असे सर्रास म्हटले जाते आणि त्यात राग असला तरी आपुलकीही असते. वडीलधाऱ्यांविषयी किंवा अनोळखी व्यक्तीविषयी मात्र तो टाळावा, कारण त्यात भोळसटपणाची सूचना येते. ‘गुरुजी आ वासून पाहत होते’ यापेक्षा ‘गुरुजी थक्क होऊन पाहत होते’ हे लिहिणे उचित.

इतर भाषांत असे शब्द आहेत का?

आहेत, आणि त्यांची वाटचालही मराठीच्या जोडीने पाहण्यासारखी आहे. हिंदीत ‘मुँह बाए खड़ी समस्या’ म्हणतात, म्हणजे गिळणाऱ्या तोंडाची कल्पना तेथेही आहे. इंग्रजीतले ‘गेप’ हे क्रियापद आ वासून पाहण्यासाठी वापरतात. ते जुन्या नॉर्स भाषेतून आले असून, आपण रोज वापरतो तो ‘गॅप’ हा शब्द त्याचाच भाऊबंद आहे. लॅटिनमध्ये आ वासण्याच्या क्रियापदापासून ‘हायेटस’, म्हणजे खंड, हा शब्द झाला. ग्रीक ‘केऑस’चा मूळ अर्थ वासलेली पोकळी असा आहे. त्या भाषांत उघड्या तोंडावरून फट, खंड आणि पोकळी यांची नावे निघाली. मराठीने ‘वासणे’ तोंडापाशीच ठेवले, फटीसाठी वेगळे शब्द ठेवले, आणि तोंडावरून संकटाची प्रतिमा तेवढी उभी केली.

लेखनात हा वाक्प्रचार वापरताना काय सांभाळावे?

‘आ वासून उभा’ हा प्रयोग वृत्तपत्रीय मजकुरात इतका झिजला आहे की त्यातला जबडा आता वाचकाला दिसत नाही. पाण्याचा प्रश्न, रस्त्यांचा प्रश्न, परीक्षांचा प्रश्न, सगळेच आ वासतात. जेथे खरोखर काहीतरी गिळले जाण्याची भीती आहे, उदाहरणार्थ जमीन, घर किंवा साठवलेली पुंजी, तेथेच तो वापरावा. उशीर झालेल्या निकालाला किंवा रखडलेल्या बैठकीला ‘प्रलंबित’ म्हटले तरी चालते.

आश्चर्याच्या अर्थी वापरताना पाहणाऱ्यासमोर काय आहे ते आधी किंवा लगेच नंतर सांगावे. ‘तो आ वासून पाहत राहिला’ एवढ्यावर वाक्य सोडले तर वाचकाला फक्त तोंड दिसते, आणि ते ज्याच्याकडे वळले आहे ती गोष्ट दिसायची राहून जाते.